जुन्या अ‍ॅटलसची फ्रेम घासून रंगवावी की बदलून टाकावी?

पांदणवाट (आर्वी तालुका, वर्धा)

नमस्कार. माझ्या सासऱ्यांकडे अ‍ॅटलस कंपनीची, २२ इंची फ्रेमची, रॉडब्रेक असलेली काळी सायकल आहे. त्यांनी सत्तरी ओलांडली असली तरी गावापासून वावरापर्यंतची पांदण ते आजही याच सायकलीने जातात. जाताना कॅरिअरवर खताची किंवा बियाण्याची थैली असते आणि येताना ओल्या चाऱ्याचा भारा असतो. पावसाळ्यात आमच्या पांदणीची काळी माती मागच्या मडगार्डमध्ये इतकी घट्ट बसते की विळ्याच्या टोकाने उकरून काढल्याखेरीज चाक फिरत नाही. रात्री सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकलेली असते.

यंदा पाऊस ओसरल्यावर मडगार्ड सोडवून सायकल धुवायला घेतली, तेव्हा मडगार्डमागचा रंग पापुद्रे सुटून हाती आला आणि खाली तांबूस गंज दिसला. पायडलचा आस ज्या आडव्या नळीतून जातो तिच्या पोटाशी, तसेच तेथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांच्या सुरुवातीला गंजाचे फुगवटे आले आहेत. पुढचा चिमटाही, म्हणजे पुढचे चाक धरणारा दोन पात्यांचा भागही, किंचित मागे गेल्यासारखा वाटतो. सोनेरी रेघा आणि सीटखालच्या नळीवरचे कंपनीचे चित्र मात्र अजून बऱ्यापैकी शाबूत आहे.

आता ज्याला विचारावे त्याचे मत वेगळे पडते. तालुक्याच्या गावातील मिस्त्रींनी पान्याने दोनदा ठोकून पाहिले आणि फ्रेम सडली असून दुसरी फ्रेम आणून जुने सामान तिच्यावर चढवून देतो, असे सांगितले. वर्ध्याला खिडक्यांच्या ग्रिलला पावडर कोटिंग (रंगाची कोरडी भुकटी भट्टीत भाजून चढवलेला थर) करून देणारे एक कारागीर म्हणतात की फ्रेम मोकळी करून आणा, नव्यासारखी करून देतो. माझ्या यजमानांच्या मते सरळ नवी सायकल घ्यावी. सासऱ्यांची अपेक्षा एवढीच आहे की दसऱ्याच्या पूजेला सायकल रंगवलेली असावी.

गंज वरवरचा आहे की त्याने नळी खाल्ली आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे? फ्रेम चांगली निघाली तर पावडर कोटिंग करावे की हाताने रंग द्यावा? आणि फ्रेम बदलायची झाल्यास जुने सामान नव्या फ्रेमवर खरोखर बसते का? खर्चापेक्षा मला काळजी त्यांच्या पडण्याची आहे, हे लक्षात घेऊन कृपया मार्गदर्शन करावे.

आटे_आणि_छर्रे (यवतमाळ)

ताई, रंग कोणता द्यायचा हा प्रश्न सध्या बाजूला ठेवावा. वरचा रंग तसाच असताना फ्रेम ठेवण्याजोगी आहे की नाही हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, पान्याने ठोकून पाहणाऱ्यालाही नाही. म्हणून कोणाला पैसे देण्यापूर्वी मोजक्या ठिकाणचा रंग खरवडून आतले लोखंड पाहून घ्या. त्यातून जे दिसेल तेच तुमचा निर्णय करील. मी बरीच वर्षे फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवले आहे आणि जुन्या सायकली हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गंजाचा फुगवटा पाहून घाबरण्याचे कारण नाही. लोखंडापासून तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे अगदी पातळ थर खाल्ला गेला तरी वरचा रंग उचलला जातो आणि नुकसान आहे त्यापेक्षा मोठे दिसते. याच्या उलट, जी नळी आतून गंजते तिचा बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहू शकतो, आणि खरी भीती त्या गंजाची आहे. सीटचा खांब ज्या फटीत आवळलेला असतो तेथून पावसाचे आणि धुण्याचे पाणी आत शिरते, नळीतून खाली उतरते आणि पायडलच्या आसाच्या नळीत, जिला मिस्त्री बीबी म्हणतात तिच्यात, साठून राहते. तुमच्याकडे त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडली आहे. मिश्रखतातील पोटॅश बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइडच्या रूपात असते, आणि क्लोराइड लोखंडाला मिठाइतकेच वाईट असते. गोठ्यातील गोमूत्राचा ओलावाही क्षारयुक्त असतो. काळी माती हे सगळे धरून ठेवते आणि मडगार्डमागचा भाग महिनोन्‌महिने कोरडा होऊ देत नाही. म्हणूनच तुम्ही सांगितलेल्या ठिकाणीच गंज आला आहे.

तपासणीसाठी आधी दोन्ही चाके, सीटचा खांब आणि कॅरिअर काढून घ्या. फ्रेम उलटी धरून नळ्यांवर लाकडी दांड्याने हलके ठोका. तांबूस भुकटी पडली तर ती जुन्या सायकलीत पडतेच. पण नखाएवढे पापुद्रे पडू लागले तर आतले लोखंड सुटत आहे असे समजावे. त्यानंतर कॉटर, म्हणजे पायडलचा दांडा आसाला पक्का धरणाऱ्या खुंट्या, काढून बीबी उघडावी लागेल. हे काम मिस्त्रींकडून करून घेतले तरी चालेल, मात्र तेथे स्वतः उभे राहा. बीबीच्या दोन्ही तोंडांना आट्यांनी बसणाऱ्या वाट्या असतात. त्यांतली चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, म्हणजे ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की सुटते. हे माहीत नसलेला माणूस तीच वाटी जोर लावून आणखी आवळतो आणि शेवटी छिन्नी मारून आटे बिघडवतो. बीबी मोकळी झाली की रॉकेलने पुसून बॅटरीच्या उजेडात आत पाहा. मागे जाणाऱ्या दोन नळ्यांची तोंडे काही फ्रेममध्ये तेथूनच दिसतात.

बाहेरून पाहताना गंज आलेला प्रत्येक भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमकदार लोखंड दिसेपर्यंत घासा. मग एक जाड दाभण घेऊन त्याचे टोक खड्ड्यांमध्ये हाताच्या पूर्ण जोराने दाबा. चांगली नळी दाभणाला अजिबात दबत नाही. टोक रुतले, पत्रा आत गेल्यासारखा वाटला किंवा भोक पडले, तर ती नळी संपली आहे.

भेगांसाठी जुनी आणि भरवशाची पद्धत खडूची आहे. सांध्याभोवतीचा भाग घासून त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावा, थोडा वेळ तसेच मुरू द्या, मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून त्यावर खडूची बारीक पूड चोळा. भेग असेल तर तिच्यात मुरलेले तेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळपट रेघ उमटते. ही चाचणी हँडलच्या नळीजवळचे दोन्ही सांधे, सीटखालचा सांधा आणि मागच्या आसाच्या पट्ट्या या ठिकाणी जरूर करावी. हँडलच्या नळीच्या मागे, वरच्या आणि तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला बोटे फिरवून पाहा. तेथे सुरकुती किंवा उंचवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे, आणि अशी फ्रेम मी तरी ठेवणार नाही.

फ्रेम वाकडी आहे का, हे सुतळीने कळते. मागच्या एका पट्टीला सुतळी बांधून ती हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या पट्टीपर्यंत ताणून आणा आणि सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजा. अशा जड सायकलीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक मी चालवून घेतो.

लोखंड जुने झाले म्हणून थकले असेल, ही समजूत मात्र मनातून काढून टाकावी. पोलादाला एका मर्यादेच्या आतील भार कितीही वेळा दिला तरी त्याला भेग जात नाही. या सायकलींच्या नळ्या ती मर्यादा ध्यानात ठेवून पुरेशा जाड ठेवलेल्या असत आणि सांध्यांवर लग, म्हणजे नळ्यांची टोके ज्यांत बसतात त्या लोखंडी बाह्या, बसवून पितळ भरलेले असे. भेग नसेल, वाक नसेल आणि नळी आतून खाल्लेली नसेल, तर वयाचा मुद्दा उरत नाही.

चिमटा मागे गेलेला असेल तर त्यावर चर्चा न करता तो बदलावा. फ्रेमची मागची नळी तुटली तर सायकल डुलू लागते आणि माणसाला उतरायला वेळ मिळतो. चिमटा तुटला तर माणूस तोंडावर पडतो.

घासताना एक काळजी घ्या. आपल्याकडे रंगातील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे इतक्या जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून चालावे. पेपर पाण्यात भिजवून घासा, नाकातोंडाला रुमाल बांधा, आणि हे काम मुले खेळतात त्या अंगणात किंवा गुरांच्या गव्हाणीजवळ करू नका.

कॅनवाला (दारव्हा)

वरील तपासणी योग्यच आहे. मी फक्त पैशाची बाजू मांडतो, कारण दूध वाहण्यासाठी माझ्याकडे वर्षानुवर्षे अशाच सायकली आहेत.

या तीन मार्गांपैकी नुसती फ्रेम बदलण्याचा मार्ग मला सर्वांत तोट्याचा वाटतो. फ्रेमची किंमत ऐकायला कमी असते. परंतु जुने सामान उतरवताना कॉटर तुटतात, हेडच्या, म्हणजे हँडलच्या नळीच्या, वाट्या झिजलेल्या निघतात, मडगार्डचे बोल्ट गंजून कापावे लागतात, आणि त्या सगळ्याची मजुरी धरली की रक्कम नव्या सायकलीच्या जवळ जाऊन पोहोचते. शिवाय रॉडब्रेकचे गुटके रिमच्या आतल्या अंगाला घासतात. इतक्या वर्षांत तेथे खोलगट चर पडला असेल तर रिमही जातील. ताईंनी रिमच्या आतून बोट फिरवून पाहावे.

अ‍ॅटलसचीच फ्रेम मिळेल, या आशेवर राहू नये. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, बंद झाला. आता जी फ्रेम मिळेल ती लुधियानाच्या कोणत्यातरी कारखान्याची असेल. २८ × १½ मापाच्या चाकांच्या या सायकली सगळ्या कंपन्या जवळजवळ एकाच मापाने बनवतात, त्यामुळे सामान बहुतेक बसते, ही त्यातली चांगली गोष्ट. माझे मत असे की फ्रेम पक्की असेल तर तीच रंगवा, आणि गेली असेल तर पूर्ण सायकल नवी घ्या. मधला मार्ग नको.

भट्टीजवळून (अमरावती)

मी पावडर कोटिंगच्या कामावर असतो, म्हणून त्या पर्यायाविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटते.

शेतातल्या सायकलीसाठी पावडर कोटिंग हा उत्तम पर्याय आहे. भारा बांधण्याच्या दोरीने किंवा भिंतीला टेकवल्याने साधा रंग जितका लवकर खरवडला जातो, तितका हा थर जात नाही. भट्टीचे तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस असते आणि सांध्यातील पितळ वितळण्यासाठी सुमारे ९०० अंश लागतात, म्हणून भट्टीत सांधे सुटतील ही भीती निराधार आहे. मात्र ग्रिलचे काम करणाऱ्या कारागिराला सायकलीची सवय असेलच असे नाही. त्याला देण्यापूर्वी बीबीचे आटे, हेडच्या वाट्यांच्या जागा आणि सीटच्या खांबाची नळी यांना उष्णता सोसणारी टेप किंवा बूच लावायला स्पष्टपणे सांगावे लागते. पावडर आट्यांत भाजली गेली की वाटी बसत नाही आणि मग आटे पुन्हा कापावे लागतात.

नळीच्या आत जुने ग्रीस किंवा तेल राहिले तर भट्टीत ते उकळून सांध्यांतून बाहेर येते आणि तेथे फोड राहतात. खड्ड्यांमध्ये साधी पुट्टी भरलेली असेल तर ती इतक्या उष्णतेला टिकत नाही. सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग आणि गंज काढण्याचे काम, करणाऱ्यालाही बजावून सांगा की ही फ्रेम आहे, गेट नव्हे. गंजून आधीच पातळ झालेल्या नळीवर जोराचा मारा एकाच जागी धरला तर उरलेली जाडीही कमी होते. ब्लास्टिंग झाले की लोखंड उघडे पडते, त्यामुळे त्याच दिवशी कोटिंग झाले पाहिजे, पावसाळी हवेत तर काही तासांतच.

ताई, चित्र आणि सोनेरी रेघा यांतले काहीच उरणार नाही, हेही सासऱ्यांना आधी सांगून ठेवावे.

आटे_आणि_छर्रे (यवतमाळ)

अमरावतीच्या मित्रांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे आणि त्यातील प्रत्येक सूचना मला मान्य आहे. तरीही या सायकलीसाठी मी हाताचा रंग सुचवीन, आणि त्याचे कारण टिकाऊपणाशी संबंधित नाही. पावडरचा थर एका ठिकाणी जरी फुटला, तरी तेथून शिरलेले पाणी थराच्या खाली पसरत जाते आणि वरून सारे ठीक दिसत असताना आत गंज सरकत राहतो. सिंथेटिक इनॅमलला ओरखडा गेला तर दिवाळीच्या साफसफाईत तेवढाच भाग घासून डबीतला रंग ब्रशने लावता येतो. ज्या सायकलीला दरवर्षी पांदणीचा चिखल सोसायचा आहे, तिला घरी दुरुस्त करता येणारा रंग असावा, असे मला ठामपणे वाटते.

सामान बसण्याविषयी ताईंचा प्रश्न राहिला होता. भारतीय सायकलींच्या बीबीला बहुधा इंचाला २४ आटे असतात. पण इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने कित्येक वर्षे स्वतःचे २६ आट्यांचे माप वापरले, आणि तसे सामान जुन्या दुकानांमध्ये अजूनही मिसळलेले सापडते. म्हणून चिमटा किंवा वाटी विकत घेताना जुना नमुना सोबत न्या आणि आट्यांवर आटे धरून पाहा. दोन्ही एकमेकांत फट न राहता बसले तरच घ्या. चिमट्याच्या देठाची लांबीही मोजून न्या, कारण २२ आणि २४ इंची फ्रेमच्या हँडलच्या नळ्या सारख्या लांबीच्या नसतात.

पांदणवाट (आर्वी तालुका, वर्धा)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली आहे, ती येथे मांडते.

मिस्त्रींकडे बसून बीबी उघडून घेतली. आत मातकट पाण्याचा गाळ होता. तो काढून पुसल्यावर बीबीच्या पोटाला बारीक खड्डे दिसले, पण दाभण कोठेही रुतले नाही. डाव्या बाजूने मागे जाणाऱ्या नळीवर, बीबीपासून दोन बोटांवर, सर्वांत खोल खड्डे आहेत. तेथे यजमानांनी आणि मिस्त्रींनी दोघांनीही जोर लावून पाहिला. पत्रा दबला नाही. फ्रेम उलटी ठोकल्यावर भुकटी पडली, पापुद्रे पडले नाहीत. सुतळीच्या मापात फरक दोन मिलिमीटरच्या आत आहे. हँडलच्या नळीमागे सुरकुती नाही.

खडूच्या चाचणीत मात्र एक गोष्ट निघाली. सीटखालच्या सांध्याला जेथे मागच्या दोन नळ्या येऊन मिळतात, तेथे उजव्या बाजूला खडूवर साधारण एक सेंटिमीटरची रेघ उमटली. पुसून पुन्हा केले तरी ती त्याच जागी आली. मिस्त्रींनी ती पाहिली आणि वेल्डिंगच्या दुकानात एक टाका मारून घ्या, असे सांगितले. तसे करावे का? चिमटा दोन्ही पात्यांत सारखाच मागे गेलेला आहे, म्हणून नवा घेण्याचे ठरले आहे. रिमच्या आत चर आहे, पण तो बोटाला जेमतेम जाणवतो.

सासऱ्यांना हे सारे दाखवले. भेग पाहिल्यावर त्यांनी स्वतःच दसऱ्याचा आग्रह सोडला. चित्र राहिले तर बरे, एवढेच ते म्हणाले.

आटे_आणि_छर्रे (यवतमाळ)

ताई, तुम्ही केलेली तपासणी पाहून फ्रेम ठेवावी असे मी निःशंकपणे सांगतो. निघालेली भेग दुरुस्त होण्यासारखी आहे, कारण ती सांध्यावर आहे, नळीच्या मध्यात नाही.

विजेच्या वेल्डिंगचा टाका मात्र कदापि मारू नये. त्या उष्णतेने पातळ नळी चटकन जळते, टाक्याच्या कडेला लोखंड कडक होते आणि पुढची भेग नेमकी त्या कडेला जाते. त्याशिवाय एकदा तेथे वेल्डिंगचा मसाला बसला की नंतर पितळ नीट धरत नाही. गॅसवर पितळ भरून देणारा कारागीर शोधा. वर्धा किंवा आर्वीत ट्रॅक्टरचे रेडिएटर आणि पाइप दुरुस्त करणाऱ्यांकडे विचारले तर बहुधा सापडेल. भेगेच्या दोन्ही टोकांच्या पुढे बोटभर भाग कानशीने चमकदार करून घ्यावा, टाकणखार लावावा आणि पितळ वितळून भेगेत खेचले जाईल इतकाच ताप द्यावा. पितळ वर गोळा होऊन बसले असेल तर ते आत गेलेले नाही. काम झाल्यावर फ्रेम पाण्यात बुडवून थंड करू देऊ नका, ती हवेतच निवू द्या. वितळलेला टाकणखार काचेसारखा कडक होतो. तो गरम पाण्याने आणि तारेच्या ब्रशने पूर्ण काढा, नाहीतर त्याच्यावरचा रंग महिन्याभरात सुटेल.

डाव्या नळीवरील खोल खड्डे दरवर्षी मडगार्ड काढून पुन्हा दाभणाने तपासत जा.

चित्र राहावे ही सासऱ्यांची इच्छा सहज पूर्ण होते, कारण पूर्ण फ्रेम घासण्याची गरजच नाही. सीटखालची नळी आणि रेघांचा भाग तसाच ठेवा. मऊ फडक्याने साबणाच्या पाण्याने पुसून, वाळल्यावर गाडीला लावतात ते मेण लावले तरी तेथील जुना रंग पुष्कळ वर्षे टिकेल. बाकी भाग १२० आणि मग २२० नंबरच्या पेपरने घासा. खड्ड्यांतला गंज पेपरने निघत नाही, त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक हातमोजे घालून ब्रशने लावा, काळसर झाले की ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच वाळवा. त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा पातळ हात द्या, दुसऱ्या दिवशी आणखी एक. नुसत्या रेड ऑक्साइडवर सायकल बाहेर काढू नका. तो ओलावा पूर्ण अडवत नाही, त्यावर इनॅमल पाहिजेच. काळ्या इनॅमलचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा कितीतरी चांगले.

काम दिवाळीनंतर करा. आता हवेत दमटपणा आहे आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा तापलेल्या नळीवर रंगाची वरची साय आधी सुकते आणि तो सुरकुततो. नोव्हेंबर-डिसेंबरात दव उडून गेल्यावर, म्हणजे दहा-अकराच्या सुमारास, सावलीत रंग द्यावा आणि संध्याकाळी दव पडण्यापूर्वी फ्रेम घरात घ्यावी.

यानंतरचे काम बहुतेक लोक सोडून देतात, पण तुमच्या फ्रेमला खरा उपयोग त्याचाच होणार आहे. नळ्यांच्या आतून जवसाचे उकळलेले तेल, जे रंगाच्या दुकानात पक्के अळशी तेल म्हणून मिळते, ते फिरवा. सीटच्या नळीतून आणि बीबीतून थोडे थोडे तेल ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी वळवत राहा, उरलेले निथळू द्या आणि फ्रेम आठवडाभर टांगून ठेवा. हे तेल हवेत सुकून आत चिवट पापुद्रा धरते आणि पाणी लोखंडापर्यंत पोहोचू देत नाही. खाण्याचे कच्चे जवसाचे तेल फार सावकाश सुकते, म्हणून ते नको. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेटू शकते. कापूस किंवा कडबा साठवलेल्या घरात तर विशेष जपावे. फडकी मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. सीटच्या खांबाची फट ग्रीसने बुजवा, आणि बीबीच्या तळाला भोक नसेल तर रंग देण्यापूर्वी तीन-चार मिलिमीटरचे एक भोक पाडून घ्या, म्हणजे आत गेलेले पाणी साठणार नाही.

कॅनवाला (दारव्हा)

ताई, या निर्णयाने मला आनंद झाला. जोडणी झाल्यावरच्या दोन गोष्टी सांगतो. इनॅमल हाताला कोरडे लागले तरी आतून पक्के व्हायला एक-दोन आठवडे घेते, तोपर्यंत सासऱ्यांना कॅरिअरवर भारा बांधू देऊ नका, दोरीचे वळ रंगात उमटतात. कॉटर नवे टाकले असतील तर सायकल दोन-तीन दिवस चालवल्यावर ते बसतात आणि नट सैल पडतो. तेव्हा एकदा हलक्या हाताने ठोकून नट पुन्हा आवळून घ्या, नाहीतर पायडलला खटखट सुरू होऊन कॉटर झिजेल. फ्रेमवर ठोकलेला क्रमांक रंगाखाली भरून जाणार नाही हेही पाहा. तो सहसा सीटच्या सांध्याजवळ किंवा बीबीखाली असतो, आणि सायकल चोरीला गेली तर पोलिसांत तोच द्यावा लागतो.